ठाणेदाराच्या आवारात कोंबड्या

पवनी
१७ नोव्हेंबर २०२४

आयु. भावना हिस,
यमुताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

हाताच्या सवयीनं पयले ‘सौ.’ लिहिलं, मंग खोडलं. खोडलेलं दिसून राहिलं असन, तं राग मानू नोको. दुसरा कागद घेतला असता तरी हातानं तेच लिहिलं असतं.

फोनवर मले आता कायीच ऐकू येत नाही. कानाची मशीन लावली का नुसती शिट्टी वाजते. माहा जितेंद्र मोबाईल माह्या तोंडासमोर धरते, अन् मले तुहे ओठ हालताना दिसते, बस. रवी होता तवा दर महिन्याले त्याचं पत्र ये. तो पानंच्या पानं लिहे अन् खाली दोन ओळी तुह्या असत. आता भाऊ गेला म्हून बहिणीनं टपाल पाहणं सोडून द्याचं का? तू लिहीत जाय वं. शाळेत पोरायले गणित शिकवतं, तुले दोन पानं जड आहेत का?

आता कामाचं. जितेंद्र मागच्या हप्त्यात नागपूरले आला होता, त्यानं सांगतलं का ठाणेदार खाऊन नाही राहिला. कोपऱ्यात तोंड घालून पडला रायते म्हणे. मी तवाच म्हटलं, झुरून राहिलं ते जनावर. रवीनं सदरच्या दुकानातून आणलं तवा बशीएवढं होतं, आता टपाएवढं झालं. अठरा वर्सं ज्याच्या हातचं खाल्लं तो माणूस दिसत नाही, तं ते कासव काय करन? आफ्रिकेतलं असो का कुठचं असो, माया सगळ्यायले कळते.

अन् दुसरं आयकलं त्यानं तं माह्या अंगावर काटाच आला. तू म्हणे माह्या कोंबड्या त्याच्याच आवारात सोडल्या! काहून वं? कोंबडीची चोच म्हणजे सुई. झोपल्या जागी डोळे फोडन त्याचे. नाई तं तोच एखादीले चेंगरून टाकन. मी गावरान कोंबड्या तुले अंडे खाले दिल्या होत्या, सर्कस कराले नाही. त्यायले पयले बाहेर काढजो अन् मले लगेच कळवजो.

तुहा प्रशिक हैदराबादवरून फोन करते ना? तुही तब्येत सांभाळजो.

मायेत राहून माया ठेवणारी,
यमुताई


नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय यमुताईंना,
भावनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. खोडलेल्या अक्षराचं मला काही वाटलं नाही. ह्यांच्यासारखं लिहिणं मला जमणार नाही, पण विचारलंत त्याचं उत्तर देते.

कोंबड्या मी विचार करूनच हलवल्या. शेजारच्या गोपाळरावांच्या घराला तिसरा मजला चढल्यापासून आपल्या मागच्या बाजूला ऊन येत नाही. जमीन ओली राहते. दिवाळीच्या आधी तिथे मुंगूस शिरलं आणि एक कोंबडी गेली. हे तुम्हाला कळवलं नव्हतं. दिवसभर ऊन असणारी जागा घरात एकच, ती ठाणेदाराची. त्याला कंबरेएवढी विटांची भिंत आहे. पलीकडचं दिसलं की तो ढकलत सुटतो, म्हणून ह्यांनी जाळी न लावता भिंतच बांधली होती. त्यावर खांब उभारून मी आता डोक्याच्याही वरून तारेची जाळी टाकून घेतली. मुंगूस येत नाही, मांजर येत नाही.

सुरुवातीला माझा एक अंदाज चुकला. खुराडं मी जमिनीवरच चार विटा रचून ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी ठाणेदार आडोसा समजून त्याच्या खाली शिरला आणि उभा राहिला. पंचेचाळीस किलोचं जनावर उभं राहिलं म्हणजे खुराडं आडवं झालं. कोंबड्यांनी असा कल्लोळ केला की गोपाळराव गच्चीवरून विचारू लागले, वहिनी, चोर आला का? मी सांगितलं, चोर नाही, ठाणेदार आहे. त्यानंतर महाल भागातल्या लोहाराकडून छातीएवढा लोखंडी स्टँड करून आणला. आता कोंबड्या वर आणि तो खाली. दोघांची भांडणं नाहीत. दुपारी एखादी त्याच्या पाठीवर बसून ऊन खाते. त्याला ते कळतही नसावं.

तो खात नाही हे खरं आहे. सदरहून डॉ. अपेक्षा नावाच्या जनावरांच्या डॉक्टर येऊन गेल्या. वयाने लहान आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला की गेल्या दोन महिन्यांत ह्याच्या पोटात काय काय गेलं. मी आठवून सांगितलं. हे गेल्यावर भेटायला येणारं कोणी रिकाम्या हातानं आलं नाही. घरात केळीच केळी झाली. मला खाववत नव्हती, टाकणं बरं दिसत नव्हतं. मग जो येईल तो दोन केळी घेऊन आवारात जायचा आणि ठाणेदाराला भरवायचा. तुम्ही पंधरा दिवस होतात तेव्हा रोज सकाळी त्याच्याजवळ बसून भरवत होतात. मीही बघत होते, मलाही ते बरं वाटत होतं. शिवाय कोंबड्या आत आल्यापासून त्यांचा सांडलेला भरडा तो चाटून खात होता.

डॉक्टर म्हणाल्या की हे गवतावर जगणारं जनावर आहे. गोड फळाने आणि कोंबडीच्या खाद्याने त्याचं पोट आंबलं आहे, त्यात थंडी सुरू झाली. हे झुरणं नाही. कोंबड्यांना दोष द्यायचा तर त्यांच्या खाद्याला द्या, त्यांना नाही. म्हणून आता त्यांना भरडा खुराड्यातच देते, खाऊन झाल्यावर खाली सोडते. त्याला रोज कोमट पाण्यात बसवायचं आहे आणि सुकं गवत समोर ठेवायचं आहे. बाकी सगळं बंद.

प्रशिक रोज फोन करतो. माझी तब्येत चांगली आहे.

आपल्या आशीर्वादाची अपेक्षा ठेवून,
भावना


पवनी
१ डिसेंबर २०२४

आयु. भावना हिस,
जयभीम.

तुहं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. म्हणजे माह्या भावाचं जनावर मीच मारून राहिली, असंच ना? सरळ लिहाचं होतं, एवढी गोल फिरून काहून आली? केळं काय विष आहे का? आमच्याकडे तान्ह्या लेकराले केळं देते.

त्या डॉक्टरीणले काय माहीत? तिनं रवीले पाहिलं होतं का? संध्याकाळी कामावरून आला का गाडी लावल्या लावल्या पयले आवारात जाये. तो फाटकाशी आला का हे जनावर पाय घासत घासत धावत ये. मी माह्या डोयानं पाहिलं. ते सगळं तू दोन ओळीत पुसून टाकलं का पोट आंबलं म्हून.

लिहू नये, पण लिहितो. रवीले नेलं त्या दिवशी तू रडली नाही. पुण्यानुमोदनाले सगळी बाया-माणसं आली, माईकवर लोकं बोलले, मी तं धाय मोकलून रडली, अन् तू आतमंधी पत्रावळी मोजत होती. मी कोणाले काही बोलली नाही. ज्याचा त्याचा सोभाव. पण तू रडली नाही ते नाही, आता त्या मुक्या जनावरालेही रडू देत नाही.

म्हून मी ठरवलं. पुढच्या पुढच्या रविवारी जितेंद्र त्याची गाडी घेऊन येईन, संग दोन जण आणन. ठाणेदाराले इकडे पाठवून दे. गोठा रिकामाच पडला आहे. रवी याच आंगणात वाढला, इथली माती त्याले वळखन. तुले शाळा आहे, घर आहे, एकटीनं कुठवर करतं? कोंबड्या राहू दे तिथंच, अंडे खाजो.

यमुताई


नागपूर
८ डिसेंबर २०२४

आदरणीय यमुताईंना,
भावनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

केळ्यांचं मी तुमच्यावर ढकललं नाही. केळी मी आणून ताटात ठेवत होते आणि तुम्ही भरवत होतात. त्या दिवसांत कुणालाच दुसरं काही सुचत नव्हतं. त्याचा हिशोब करण्यात अर्थ नाही.

जितेंद्रला गाडी आणू देऊ नका. आणली तर मी फाटक उघडणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही, तुम्हाला आधी माहीत असावं म्हणून लिहिते. ह्या थंडीत उघड्या गाडीतून पवनीपर्यंत नेलं तर तो वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. त्याची सरकारी नोंदही ह्या पत्त्यावर आहे. आणि तुमचा गोठा मला ठाऊक आहे. तिथे सावली छान आहे. गायीला ती हवी, ह्याला नको. नागपूरचं जे ऊन आपल्याला मे महिन्यात सोसत नाही, ते त्याला माहेरासारखं आहे.

तुम्ही लिहिलंत की मी रडले नाही. तुमच्यासमोर रडले नाही, हे खरं आहे. त्यावर माझा वाद नाही.

पण एक सांगते. ठाणेदार झुरतो आहे, असं येणारा प्रत्येक जण म्हणत होता, तेव्हा मला भीती वाटत होती. झुरत असेल तर मी काय करणार? तो ज्यांची वाट बघतो त्यांना मी आणून देऊ शकत नाही. डॉक्टर म्हणाल्या की पोट आहे, तेव्हा मी त्यांच्यासमोर हसले. त्यांना विचित्र वाटलं असेल. पोटावर इलाज असतो, ताई. म्हणून मला धीर आला.

इलाज चालू आहे. त्याला उचलणं माझ्याने होत नाही, म्हणून आवारातच उथळ खड्डा करून त्यात ताडपत्री घातली आणि एका बाजूला विटांचा उतार केला. दुपारी शाळेतून आले की पाणी तापवून ओतते आणि त्याला मागून हळूहळू लोटते. आत गेल्यावर तो मान बाहेर काढून बसतो. कोंबड्या काठावर उभ्या राहून बघतात. त्यांनी त्या पाण्यात चोच घालू नये म्हणून लगेच उपसून टाकते. त्यांचं पाणी वेगळं, वर टांगलेलं आहे. आवारातल्या त्याच्या निजायच्या खोलीला गांधीबागेच्या बाजारातून जाड गोणपाट आणून पडदा लावला, आत तापणारा दिवा आहे. रोज दिवेलागणीला तो आत गेला की नाही हे बघून मगच मी जेवते.

तो बरा होईल, असं मला वाटतं. नुसतं मनाने नाही, डोळे स्वच्छ आहेत आणि पायांत जोर आहे म्हणून वाटतं. तुम्ही मार्चमध्ये या. उन्हं तापेपर्यंत तो खाऊ लागला नाही, तर तुम्ही म्हणाल तिथे मी स्वतः पोचवीन, आणि कोंबड्याही परत देईन. हा माझा शब्द समजा.

राग असला तरी पत्र लिहीत जा.

आपली,
भावना


पवनी
१२ जानेवारी २०२५

आयु. भावना हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

गाडी पाठवली नाही. जितेंद्रच म्हणे, आई, मामी फाटक उघडत नाही म्हणते तं उघडतच नाही, मी कायले डिझेल जाळू? तुले भेतात सगळे, एवढी हळू बोलतं तरी.

मार्चपर्यंत थांबतो. तू शब्द दिला, तो मी ध्यानात ठेवला. पण मधात काही झालं तं मले लपवू नोको. मुंगसानं कोंबडी नेल्याचं तू लपवलं होतं. मेला असन तं मेला म्हून लिहाचं.

इकडे थंडी लय आहे. धानाची मळणी झाली, तं तणीस भरपूर पडली आहे. जितेंद्र कामानं येऊन राहिला, त्याच्यासंग चार गठ्ठे पाठवतो. त्याच्या अंगाखाली जाड हाथरजो. फरशीचा गारठा पोटातूनच चढते, ते माणसालेही अन् जनावरालेही. हे सांगाले डॉक्टरीण लागत नाही.

काळी कोंबडी अजून तशीच खवीस आहे का? तिच्यावर ध्यान ठेवजो.

यमुताई


नागपूर
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय यमुताईंना,
भावनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

ठाणेदार खाऊ लागला. थोडी वाट पाहून मग कळवते आहे, कारण एकदा खाऊन पुन्हा बंद झालं असतं तर तुम्हाला दोनदा त्रास झाला असता.

त्याने पहिल्यांदा काय खाल्लं ते सांगते. हराळी समोर होती, तिला तोंड लावत नव्हता. तुम्ही अंथरायला पाठवलेली तणीस मी त्याच्या खोलीत पसरली. सकाळी पडदा वर केला तर अंथरूण अर्धं गायब, आणि तोंडातून काड्या लोंबत होत्या. मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, खाऊ द्या, त्याला हेच हवं होतं. दोन दिवसांनी पोटही साफ झालं, घोड्याच्या लिदीसारखं, गवताच्या काड्या दिसत होत्या. डॉक्टर ते तपासायला घेऊन गेल्या, सोबत कोंबड्यांचंही. दोन्हीकडे जंत नाहीत. एकत्र ठेवायचं तर दर काही महिन्यांनी हे बघत राहायचं, असं त्यांनी सांगितलं. ते मी करीन.

आता लपवायचं नाही म्हणून काळीचं लिहिते. तिने त्याच्या मानेमागच्या मऊ कातडीवर टोचायला सुरुवात केली होती. त्याने मान आत घेतली की ती पाठीवर चढून पुढच्या बाजूने वाट बघायची. मी तिला आठ दिवस वेगळं ठेवलं आणि पालेभाजीची जुडी भिंतीला उंच टांगून तिला दुसरा उद्योग दिला. आता ती भाजीशी भांडते. हे तिला यमी म्हणायचे. तुम्हाला कधी सांगितलं नसेल. का म्हणायचे ते मी लिहीत नाही, तुम्हाला कळलं असेल.

पिल्लं मात्र ह्या आवारात कधी ठेवणार नाही. कोंबडी उडून बाजूला होते, पिल्लाला ते जमत नाही, आणि तो पाय कुठे ठेवतो ते बघत नाही. तेवढं सोडलं तर ही व्यवस्था चालण्यासारखी आहे. तो जमीन उकरतो, त्यातले किडे कोंबड्यांना मिळतात. अंडी पुन्हा सुरू झाली.

उन्हं तापू लागली आहेत. तुम्ही मार्चमध्ये या आणि स्वतः बघा. दिलेला शब्द मी सोडलेला नाही. बघितल्यावर तुम्हाला जे योग्य वाटेल ते मला समोर सांगा, मी ऐकून घेईन.

आपल्या मायेची,
भावना


पवनी
२४ मार्च २०२५

आयु. भावना हिस,
यमुताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचली. तुह्या घरी समोरासमोर बोलता आलं नाही, म्हून लिहितो.

माह्या पिशवीत काल केळं होतं. दोन होते. तुह्यापासून लपवूनच आणले. मनात म्हटलं, एक डाव पाहतो, मले वळखते का. आवारात गेली अन् उभी राहिली. तो भिंतीच्या कडेनं येऊन राहिला होता. मी त्याले रवी हाक मारे तशी हाक मारली. तो आला, माह्या पायाजवळून गेला. थांबला नाही. मान वर करून पाहिलंही नाही. सरळ गवताकडे गेला अन् कचाकचा खाले लागला. ती तुही यमी त्याच्या मांगं मांगं, किडे वेचत. नाव ठेवलं मेल्यानं बहिणीचं, अन् मले सांगाले हाये कोण आता!

पयले मले लय लागलं. मंग तिथंच उभ्या उभ्या वाटलं का तो कोणाची वाट पाहून नाही राहिला. रवीची नाही, कोणाचीच नाही. त्याले भूक आहे अन् समोर गवत आहे. तू पयल्या पत्रातच लिहिलं होतं, मले ते पाहिल्याबिगर पटलं नाही.

मले ठाणेदार काहून पाहिजे होता, सांगू? मले वाटे, तो रवीची वाट पाहत असन. इथं आंगणात दोघं मिळून पाहिली असती. एकटीनं पाहणं लय जड जाते वं, भावना. घरात कोणाले ऐकवावं तं त्यायचं मले ऐकू येत नाही.

मी त्याले नेत नाही. तो तिथंच राहीन, कोंबड्याही राहतीन. दोन तलंगा तयार झाल्या आहेत, अंड्यावर येतीनच. आवारात जागा दिसली, म्हून पाठवतो. गवतही पाठवतो, बांधावर लय माजलं. केळे घरी आणून नातवाले दिले.

तुले मी डिसेंबरात जे लिहिलं, ते कागदावर गेलं, परत येत नाही. तू उत्तर दिलं नाही तरी चालते. पण लिहीत जाय.

यमुताई


नागपूर
३० मार्च २०२५

आदरणीय यमुताईंना,
भावनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

गवत मिळालं. तलंगा पाठवा, पण पंधरा दिवस त्यांना मी वेगळं ठेवीन, मग आत सोडीन. तुमच्या गावच्या कोंबड्यांवर अविश्वास नाही, पण नवीन पाहुण्याला लगेच आत घ्यायचं नाही, हा आता ह्या आवाराचा नियम आहे.

डिसेंबरातल्या पत्राचं उत्तर देते.

तुम्ही गेल्यावर मी फाटक लावून आवारात गेले. पाणी बदलायचं होतं. ते बदललं. मग स्टँडखालच्या विटांवर बसले आणि मला रडू आलं. पुष्कळ वेळ रडले, ताई, आवाज करून रडले. गोपाळरावांकडे ऐकू गेलं असेल. गेलं तर गेलं. कोंबड्या पायाजवळ येऊन बोटं टोचून बघत होत्या आणि निघून जात होत्या. ठाणेदार दोन हातांवर गवत खात होता. तो एकदाही थांबला नाही. त्याच्या चावण्याचा आवाज सारखा येत होता.

तो खायचा थांबला असता, तर मला रडणं सोडून उठावं लागलं असतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पवनीला येईन. चार दिवस राहीन. ह्या दोघांकडे बघायला गोपाळराव तयार आहेत, त्यांना काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही ते शिकवते आहे. तुम्ही मला ह्यांच्या लहानपणाचं सगळं सांगा. मी ऐकेन. माझं मी कागदावर लिहून तुमच्या हातात देत जाईन, म्हणजे मशीन लावायला नको.

जशी आहे तशी पदरात घेतलीत, तशीच असू द्या.

तुमची,
भावना